बोलवायला कुणी आलंय का?

शहापूर सोडून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की गाव संपतं न संपतं तोच डाव्या हाताला पंचवीस खाटांचा एक दवाखाना लागतो. पाटीवरचं नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या नावानं तो कुणालाच सापडत नाही. मोहाखालचा दवाखाना म्हणा, रिक्षावाला बरोबर आणून सोडेल. आवारात मोहाचं जुनं झाड आहे. फाल्गुन लागला की त्याची फुलं पत्र्यावर टपटप पडू लागतात आणि त्यांचा गोडसर, डोकं जड करणारा वास दुपारभर वॉर्डात भरून राहतो. पंखे हळूहळू फिरत असतात, रोग्यांचे नातेवाईक भिंतीला टेकून पेंगत असतात. अशा वेळी घड्याळाचा काटासुद्धा जेवून आडवा झाल्यासारखा वाटतो.

ह्या दवाखान्यात सुंदरा सिस्टर बावीस वर्षं होती. हात हलका आणि तोंड जड, अशी तिची ख्याती. तान्ह्या पोराची शीर तिला पहिल्या टोचणीला सापडायची. साप चावलेला शेतकरी असो की अडलेली बाळंतीण, सुंदरा पायाशी उभी आहे म्हटलं की घरच्यांच्या जिवात जीव यायचा. डॉक्टर आले आणि गेले, सुंदरा राहिली.

फक्त एका जातीचा रोगी तिला डोळ्यांसमोर नको असे. दवाखान्यात त्यांना 'चुकूनवाले' म्हणत.

त्याचं असं होतं. कुणी आपल्या हातानं जिवाचं बरंवाईट करायला गेलेलं असलं की घरची माणसं त्याला जीपमध्ये घालून आणत आणि खिडकीशी उभी राहून एकच सांगत, चुकून झालं. चुकून प्याली. अंधारात बाटली कळली नाही. खोकल्याचं औषध समजून घेतलं. पोलिसांची भीती, सोयऱ्यांची भीती, पोरीचं लग्न अडेल ही भीती. सुंदराही मान वर न करता कागदावर 'चुकून' लिहायची. मागाहून हवालदार जबाब घ्यायला येई, तोही तेच लिहून चहा पिऊन जाई. नवी सिस्टर कुणाली एकदा म्हणाली होती, "मॅडम, आता हा गुन्हा धरत नाहीत. ट्रेनिंगला सांगितलंय आम्हाला. त्यांच्याशी बोलायचं, विचारायचं म्हणे."

"तू विचार," सुंदरा म्हणाली. "मला पंचवीस खाटा आहेत."

चुकूनवाल्यांना नऊ नंबरची खाट. वॉर्डाच्या टोकाला, मागच्या खिडकीखाली. इतरांच्या नाकात नळी घालताना "गिळा हं बाबा, झालंच" म्हणणारी सुंदरा ह्यांना म्हणायची, "मघाशी गिळलंत ना? आता हे गिळा." पडदा ओढायची नाही. नाव घ्यायची नाही, नऊ नंबर म्हणायची. "इथं लोक जगण्यासाठी डोंगर उतरून येतात," असं ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायची, "आणि ह्यांना फुकट मिळालेला जीव जड झालाय." तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर तिला कुणी अडवत नसे. आणि औषधपाण्यात तिनं कधी कुचराई केली नाही, हेही खरं. जीव वाचवायची. फक्त त्या जिवाकडे बघायची नाही.

होळीच्या आधी कमळू नावाचा पन्नाशीचा माणूस नऊ नंबरला आला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला आणि सुंदरा सलाईन बदलत असताना इकडेतिकडे बघू लागला.

"ती पोरगी कुठं गेली?"

"कुठली पोरगी?"

"शिकाऊ सिस्टर. निळ्या ड्रेसातली. काल दुपारभर बसली व्हती ना हितं." त्यानं खाटेजवळच्या स्टुलाकडे बोट केलं. "लय गुणाची पोर. हात धरून बसली. एकच इचारायची, बोलवायला कुनी आलंय का?"

दवाखान्यात त्या महिन्यात शिकाऊ मुली नव्हत्याच. पण फवारणीच्या विषावर जो उतारा देतात त्यानं माणसं बरळतात, हवेत हात फिरवतात, मेलेल्या आजीशी बोलतात, हे सुंदराला पाठ होतं. तिनं मनावर घेतलं नाही. संध्याकाळी कमळूची बायको आली आणि सगळ्या वॉर्डासमोर त्याच्या छातीवर डोकं ठेवून म्हणाली, "चला घरा. मी बोलवाया आलेय." चौथ्या दिवशी तो चालत घरी गेला.

सकुबाई तेवढी कुरकुरत होती. सकुबाई म्हणजे वॉर्डातली मावशी, झाडू-फडकं तिच्याकडे. "नऊ नंबरखाली पानी कोन सांडतंय गो? दोनदा पुसलं. परत हाय."

"सलाईन गळत असेल."

"सलाईनला शेवाळाचा वास येतो व्हय?"

सुंदरानं वाकून बोट टेकवलं. पाणी गार होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, टाकीतलं पाणी हाताला चटका देत होतं, आणि हे पाणी मात्र गार. तिनं बोट पदराला पुसलं आणि ड्रेसिंगला निघून गेली.

पुढच्या पंधरवड्यात स्वरूप आला. भिवंडीच्या गोदामात कामाला जाणारा, पंचविशीचा. तोही तसाच दुसऱ्या दिवशी डोळे उघडून म्हणाला, "मॅडम, ती नवीनवाली सिस्टर आज ड्युटीला नाय?"

"कोणी नवीन नाही इथं."

"अरे, असं कसं? टाइम विचारला मी तिला, तर तिच्याकडं घड्याळपण नव्हतं. केस ओले होते. दोन वेण्या. आणि एकाच कानात कुडी. मी बोललो, एक हरवली काय? तर नुसती हसली."

सुंदराच्या हातातली पट्टी तशीच राहिली. तिचा डावा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला.

"काय विचारत होती ती?" तिनं विचारलं. आपण नऊ नंबरला काही विचारलं, हे तिच्याही नंतर लक्षात आलं.

"बस, हेच. बोलवायला कुणी आलंय का. मी बोललो, माझे दोस्त येतील. आले पण ना."

त्या दुपारी सकुबाई मोहाखाली फुलं वेचत बसली होती. सुंदरा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, बोलवायला येणं म्हणजे काय गं? तुमच्याकडे काही असतं का तसं?"

सकुबाईनं तिच्याकडे नवलानं बघितलं. "तुमाला नाय म्हाईत? तुमीबी हितल्याच ना." मग फुलं ओच्यात सारखी करत ती सांगू लागली. "मानूस आपल्या हातानं मरायला गेलं आनि वाचलं, तर कुडी घरा येते, पन जीव तिथंच बसून ऱ्हातो. लाजतो. मंग घरच्यानं तिथं जायचं. मुठीत तांदूळ धरायचे आनि नाव घेऊन तीनदा हाक मारायची, समद्या लोकांदेखत. चल घरा. मंग मागं बघायचं नाय, कुनाशी बोलायचं नाय. उंबरा वलांडला की झालं."

"आणि नाही बोलवलं तर?"

"तर काय? मानूस जगतं की. कामधंदा करतं, पोरं काढतं." सकुबाईनं एक फूल तोंडात टाकलं. "निस्तं कोरडं ऱ्हातं."

सुंदरा हसली. हसणं नीट जमलं नाही.

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात राहीला आणलं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची, एकोणीस वर्षांची, उंच, दणकट पोरगी. पोटऱ्या धावणाऱ्याच्या. बरोबर आई रखमी आणि भाऊ लडकू. रखमीनं खिडकीशी पदर तोंडाला लावून सांगितलं, "चुकून घेतलं तिनं. फवारनीचं व्हतं पडवीत." सुंदरानं लिहिलं, चुकून.

पोरगी वाचली. तिसऱ्या दिवशी सगळे रिपोर्ट चांगले आले. पण ती खाईना. पेज तोंडाशी नेली की ओठ मिटायची. डोळे मिटून पडून राहायची, नाडी रोज थोडी मंद व्हायची. डॉक्टरांनी चौथ्या दिवशी पायाशी उभं राहून मान हलवली. "औषधाचं काम झालंय, सिस्टर. आता तिलाच नकोय. दोन दिवस बघू, नाहीतर ठाण्याला पाठवू. पण प्रवास झेपेल असं वाटत नाही."

एरवी सुंदरा म्हणाली असती, नको तर नको. ह्या वेळी ते तोंडातून निघेना. तिला भीती वाटत होती. रोगी दगावण्याची भीती तिची जुनी ओळखीची होती, ही तिच्यासारखी नव्हती.

कारण रोज दुपारी, अडीचनंतर, मोहाचा वास दाट झाला की राही डोळे उघडायची आणि स्टुलाकडे बघून हसायची.

पाचव्या दिवशी सुंदरा गोळ्यांची ट्रॉली घेऊन येत होती. वॉर्ड पेंगत होता. नऊ नंबरजवळचं स्टूल कुणीतरी अगदी खाटेला लावून ठेवलं होतं. राहीचा हात खाटेबाहेर आला होता आणि बोटं अर्धी वळलेली, कुणाच्या तरी हातात असावीत तशी. ती हळू आवाजात बोलत होती.

"आई हाय बाहेर. पन ती बोलवाया नाय आली. ती निस्ती बसलीय."

सुंदरा थांबली. ट्रॉलीची चाकं किरकिरायची थांबली.

"कुणाशी बोलतेस?"

राहीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती, पाच दिवस हीच बाई आपल्याला सुई टोचते आहे हे तिला ठाऊक नसावं.

"तुमच्या सिस्टरशी. ह्या इचारतात तरी. तुमी कुनीच नाय इचारलं, का केलं म्हनून."

मग तिनं सांगितलं. सुंदराला नाही, स्टुलाला. पण सुंदरा ऐकत उभी राहिली.

तीन वर्षं पोरगी पहाटे उठून रस्त्यानं धावत होती, पोलीस भरतीसाठी. मैदानी परीक्षेत पहिल्या दहात आली. पाड्यात आनंदीआनंद. चुलत्यानं हौसेनं धसईच्या नाक्यावर बॅनर लावला, राहीचा फोटो, खाकी टोपी चिकटवलेली, खाली पाड्यातल्या सगळ्यांची नावं, 'हार्दिक अभिनंदन'. लेखी परीक्षा अजून व्हायची होती. ती झाली, यादी लागली, आणि यादीत राहीचं नाव नव्हतं. बॅनर तसाच राहिला. काढायचा कुणी? ज्यानं काढला असता त्यानंच कबूल केल्यासारखं झालं असतं. दर बाजारच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन राही त्याच्याखालून जायची. लोक एकदा वर बघायचे, एकदा तिच्याकडे.

"औषध पडवीत प्याले," राही म्हणाली, "पन जीव तर नाक्यावरच राह्यला. बॅनरखाली उभा हाय. तिथनं कोन आननार? घरचे तर सांगतात चुकून झालं." ती स्टुलाकडे बघून पुन्हा हसली. "ह्या बोलतात, कुनी येत नाय तवर त्यांच्याजवळ बस. तिथं गार हाय. वरून गोल आभाळ दिसतं फक्त. मी यांच्यासंगतच थांबते. यांनाबी कुनी नाय. सत्तावीस वर्सं झाली, बोलल्या, कुनी बोलवाया आलं नाय."

सुंदरा मागे सरली. पायाखाली ओलं लागलं.

आता इथं सांगायला हवं. सुंदरा सतरा वर्षांची असताना, अकरावीत, निळ्या गणवेशात, भर दुपारी माहेरच्या विहिरीत पडली होती. पडली, असंच सगळे म्हणत. बैलांना पाणी पाजायला आलेल्या माणसानं वेणी धरून वर काढलं. एक कुडी आत गेली ती गेलीच. आईनं घोंगडी गुंडाळून परसातून आत घेतलं आणि कानात सांगितलं, "पाय घसरला. कुनी इचारलं तर इतकंच बोलायचं." कुणी विचारलंच नाही. ती विहिरीवर का गेली होती ते आईनं विचारलं नाही, पुढे नवऱ्यानं विचारायचा प्रश्नच नव्हता, आणि होता होता तिचं तिलासुद्धा ते सांगता येईनासं झालं. पण आत, पाण्यातून वर बघितलं तेव्हा आभाळ गोल दिसलं होतं, तेवढं तिला आठवत होतं. ते तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

ती वॉर्डाबाहेर आली. रखमी व्हरांड्यात गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. सुंदरा तिच्यासमोर फरशीवर बसली. बावीस वर्षांत ती कुठल्याही नातेवाइकासमोर खाली बसली नव्हती.

"ताई, चुकून नाही झालेलं."

"चुकूनच," रखमी म्हणाली. "तुमीच लिवलंय."

"मी लिहिलं. मीच चुकले. धसईच्या नाक्यावर जा. त्या बॅनरखाली. तुम्हाला माहीत आहे काय करायचं ते."

रखमीचा चेहरा आक्रसला. "उद्या बाजार हाय. समदी दुनिया असते. समद्यांसमोर हाक मारू? कळंल की सगळ्यांना. पोरीचं नाव जाईल, माय."

"पोरगी जाईल."

पत्र्यावर दोन फुलं पडली.

"माझी आई नाही आली," सुंदरा म्हणाली. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "विहिरीवर. पाय घसरला म्हणाली. वाईट नव्हती हो ती. घाबरली होती तुमच्यासारखीच. पण ती आली नाही."

रखमीनं तिच्याकडे पाहिलं. मग उठली, लुगडं झटकलं आणि लडकूला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सुंदरा दुपारभर नऊ नंबरजवळच घुटमळत होती. स्टुलावर बसायचं मात्र तिला धाडस झालं नाही. राहीची नाडी बोटांखाली सुतासारखी लागत होती. तीन वाजले. सव्वातीन. कुणालीनं येऊन विचारलं, मॅडम, चहा? सुंदरानं मान हलवली.

तीन चाळीसला राहीनं डोळे उघडले.

"ओ," ती म्हणाली.

मग थोडं थांबून, मोठ्यानं, "ओ! आले गो!"

वॉर्डातले सगळे वळून बघू लागले. राही हातावर जोर देऊन उठून बसली होती आणि दाराकडे बघत होती. दारात कुणी नव्हतं. धसई तिथून तीस-पस्तीस किलोमीटर तरी लांब.

"आई बोलवते," ती म्हणाली. मग पोटावर हात ठेवून, जरा लाजून, "भूक लागली."

रखमी दिवेलागणीला आली. उजवी मूठ घट्ट मिटलेली, डोळे सुजलेले, तोंडातून शब्द नाही. मागे लडकू, काखेत गुंडाळलेला बॅनर. वॉर्डाचा उंबरठा ओलांडून ती सरळ खाटेपाशी गेली, मुठीतले तांदूळ उशाखाली ठेवले आणि मग पोरीला पोटाशी धरून जी रडली, ती सगळा वॉर्ड रडवून थांबली. लडकू सांगत होता, बाजार अर्धी घटका गप झाला होता, आणि मग भाजीवाल्या बायकांनीच शिडी आणून बॅनर सोडवला. हाक किती वाजता मारली, ते सुंदरानं विचारलं नाही.

निघायच्या दिवशी राहीनं चपला घातल्या आणि एकदा मागे स्टुलाकडे पाहिलं.

"त्या सिस्टर गेल्या नाय," ती सुंदराला हळूच म्हणाली. "तितंच बसल्यात. मी आईला ओ दिली तवापास्न रडतात."

रविवारी सुंदराची सुट्टी होती. नवरा कसाऱ्याला रेल्वेत, त्याची ड्युटी होती. तिनं डब्यातून मूठभर तांदूळ रुमालात बांधले आणि एसटीनं मुरबाडला, तिथून जीपनं माहेरच्या गावी गेली. घरात आता भाऊबंद राहत होते, ती तिकडे वळली नाही.

विहीर रानात तशीच होती. गावात नळ आल्यापासून कुणी पाणी भरत नव्हतं, वर लोखंडी जाळी टाकलेली. काठावर उंबराची रोपं उगवली होती. भर दुपार. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. लांब दोन बायका गवत कापत होत्या, त्या कमरेवर हात ठेवून बघू लागल्या. बघू देत. बघायलाच हवं होतं कुणीतरी.

सुंदरानं तांदूळ मुठीत घेतले. हाक मारायची तर काय म्हणून मारायची, हे तिला ठाऊक नव्हतं. सिस्टर म्हणून? नवऱ्याच्या नावानं? मग आई मारायची तशी हाक आपोआप आली.

"सुंदरेऽ"

जाळीखाली काळोख होता.

"गो सुंदरेऽ, पाय नव्हता घसरला. मला ठाऊक आहे."

गवत कापणाऱ्या बायका उभ्याच होत्या.

"सुंदरे, चल घरा."

खालून काही आलं नाही. फक्त पाणी एकदा हललं, घागर वर घेताना हलतं तसं. सुंदरा वळली आणि चालू लागली. मागे बघायचं नाही. बायकांजवळून जाताना त्यांनी विचारलं, "कुनाची गो तू?" ती बोलली नाही. बांधावरून चालताना मुठीतले तांदूळ तिला ओले लागले.

मुरबाडहून शहापूरची गाडी भरलेली होती. तरी तिच्याशेजारची खिडकीची जागा रिकामीच राहिली. एक बाई बसायला आली, सीटवर हात टेकला, हाताकडे बघितलं आणि दांड्याला धरून उभी राहिली.

कंडक्टर आला. सुंदरानं न बोलता नोट पुढे केली. त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा खिडकीकडे बघितलं.

"शहापूर, महिला, दोन," तो स्वतःशीच म्हणाला आणि मशीनमधून दोन अर्धी तिकिटं काढून तिच्या हातात दिली.

घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. सुंदरानं कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि जरा बाजूला सरून उभी राहिली. मग आपणही आत गेली. तांदूळ देवापुढे ठेवले आणि कितीतरी वर्षांनी मोकळी रडली.

वैशाखात नऊ नंबरला पुन्हा एक आली. तिशीची, किन्हवलीकडची. दीर खिडकीशी उभा राहून म्हणाला, चुकून. सुंदरानं लेखणी खाली ठेवली. "ते राहू दे. नाव काय तिचं?" मग वॉर्डात येऊन पडदा ओढला, नळी घालताना "गिळ गं बाई, झालंच" म्हणाली, आणि कुणाली बघतच राहिली.

दुपारी मोहाची पानं सळसळत होती, फुलं केव्हाच संपली होती. वॉर्ड पेंगत होता. सुंदरा स्टूल ओढून खाटेशी बसली आणि बाईचा हात हातात धरून राहिली. खूप वेळानं बाईनं डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, बघतच राहिली, आणि हळूहळू तिचे ओठ थरथरायला लागले.

"सांग," सुंदरा म्हणाली. "मला घाई नाही."

बाई बोलू लागली. मध्येच सकुबाई फडकं घेऊन आली. तिनं सुंदराकडे पाहिलं नाही, कुरकुर केली नाही. वाकली, सुंदराच्या स्टुलाखालचं पाणी नीट पुसून घेतलं, आणि बादलीत फडकं पिळत पुढच्या खाटेकडे गेली.